पंधरा फुटांचा बांबू

तेराव्याचे पाहुणे पांगून तीन दिवस झाले होते. घरात बुंदीचा एक डबा, मंडपवाल्याच्या परत न्यायच्या राहिलेल्या सहा खुर्च्या आणि आई, एवढंच उरलं होतं. उन्नती ओट्यावर वडिलांच्या टेबलाशी बसून खुर्च्यांच्या पाठीवर रंगवलेले नंबर वाचत होती. का वाचत होती, हे तिला विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. तेवढ्यात टेबलावरचा फोन वाजला. फोन वडिलांचा. तो बंद करायचं कुणाला सुचलं नव्हतं, आणि रोज रात्री आई तो न चुकता चार्जिंगला लावत होती.

पलीकडे ललित होता, न्हावाशेवा बंदराजवळच्या ट्रेलरवाल्यांच्या ऑफिसातला. बातमी त्याला कळलेली होती. चार शब्द त्याबद्दल बोलून झाल्यावर तो जरा घुटमळला आणि मग म्हणाला, प्रतापभाईंचा कंटेनर बोटीवरून उतरलाय. कस्टमचं काम उद्या संपेल. शनिवारपर्यंत बंदरातून हलवायला हवा, पुढे रोजचा दंड चढतो. तर तो तारापूरला कसा न्यायचा, हे आता कोण सांगणार?

"मी सांगते," उन्नती म्हणाली.

सोमवारी तिला पुण्यात कामावर हजर व्हायचं होतं. कॉलेजच्या ग्रंथालयात ती पंधरा वर्षं होती, आणि कंटेनर म्हणजे लोखंडी डबा, यापलीकडे तिला त्यातलं काही ठाऊक नव्हतं. पण 'मी सांगते' हे सोपं होतं. गेल्या सोळा दिवसांत तिने बऱ्याच गोष्टींना असंच हो म्हटलं होतं. लाकडं किती, पानं किती, फोटो कुठला.

तिचे वडील कमलाकांत नवापूरच्या मच्छीमार घरातले. तिशीत त्यांनी बोटीतला आपला वाटा भावाला देऊन टाकला आणि बोईसर-तारापूरच्या कारखान्यांना बंदरातून कंटेनर आणून द्यायचं काम धरलं. त्यांच्याकडे स्वतःचा ट्रक कधीच नव्हता. होती एक स्कूटर, एक वही आणि एक बांबू. कुठला डबा कुठल्या गाडीवर चढवायचा आणि कुठल्या रस्त्याने आणायचा, एवढंच ते सांगत, आणि कारखानदार त्यासाठी त्यांच्याकडे येत.

बांबू बरोबर पंधरा फुटांचा होता. बोंबील वाळत घालायच्या काठ्यांतून निवडून काढलेला, सरळ, वजनाला हलका. साडेचौदा फुटांवर त्याला लाल फडकं बांधलेलं. उंच कंटेनर साध्या ट्रेलरवर चढला की त्याचा माथा तिथे येतो. वरचा अर्धा फूट खड्ड्यांचा, असं वडील म्हणत. मोठा डबा आणायचा असला की आदल्या आठवड्यात ते स्कूटरवरून सगळा रस्ता फिरून येत आणि मागे आई बसे, बांबू पायाशी टेकवून, उभा धरून. कुठे तार लागली, फांदी लागली, कमान लागली, की आई उतरायची, बांबू जमिनीवर उभा करायची आणि फडकं कुठे येतंय ते सांगायची. वडील वहीत लिहायचे. बोईसरच्या नाक्यावर रिक्षावाले म्हणत, निघाली कमलाकांतची वरात. उन्नती शाळेत असताना तिला या गोष्टीची भयंकर लाज वाटे. घंटा झाल्यावर तो बांबू लांबून दिसला तर ती मैत्रिणींना घेऊन दुसऱ्या गल्लीने जायची.

ललितने तीन पर्याय सांगितले. तिने ते वडिलांच्या वहीच्या मागच्या पानावर उतरवून घेतले. पहिला, नेहमीचा ट्रेलर: कंटेनर आहे तसा कारखान्याच्या दारात, तिथे रिकामा करायचा, रिकामा डबा परत. दुसरा, बंदराजवळच्या यार्डातच कंटेनर उघडायचा, क्रेनने माल बाहेर काढून उघड्या ट्रकवर ठेवायचा आणि ट्रकने आणायचा. तिसरा, लो-बेड, म्हणजे पोट जमिनीलगत असलेला बुटका ट्रेलर. पण तो बोईसरच्या वाटेवर कुणी मागत नाही, कारण प्रत्येक गतिरोधकावर त्याचं पोट घासतं.

"कमलाकांतभाऊंनी पहिलाच सांगून ठेवला होता," ललित म्हणाला. "पण आता तुम्ही म्हणाल तसं."

मग तिने प्रतापभाईंना फोन लावला. त्यांचा रसायनांचा छोटा कारखाना पामच्या बाजूला, औद्योगिक वसाहतीच्या टोकाशी होता. कंटेनरमध्ये त्यांनी परदेशातून मागवलेली एक वापरलेली टाकी होती, बाहेरून पोलादी, आतून सगळीकडे काचेचं अस्तर. त्या काचेला तडा गेला तर आतलं रसायन पोलाद खातं आणि टाकी भंगारात जाते. तडा बाहेरून दिसतही नाही. जुनी टाकी दिवाळीत गेली, तेव्हापासून कारखान्याचा अर्धा भाग बंद होता आणि अकरा माणसं घरी बसून होती. म्हणून कमलाकांतभाऊंनी ठरवलं होतं, प्रतापभाई म्हणाले, की टाकीला मध्ये कुठेही क्रेन लावायची नाही. डबा दारात आणायचा आणि टाकी रोलरवरून एकदाच, हळू बाहेर ओढायची.

"रस्ता ते स्वतः बघून आले होते, बेटा. मला फोन करून सांगितलं, गाडी जाते म्हणून. त्यांनी सांगितलं म्हणजे मला दुसरं काही बघायचं नसतं."

वहीत तसं लिहिलेलंही होतं. शेवटच्या भरलेल्या पानावर, वडिलांच्या बारीक, उजवीकडे कललेल्या अक्षरात: 'प्रतापभाई, टाकी. पाइपांची कमान पंधरा फूट तीन इंच. जाते.' खाली तारीख होती. ती तारीख उन्नतीला माहीत होती. गुरुवार होता. दुपारी तिने वडिलांना फोन केला होता आणि वडील म्हणाले होते, आत्ताच सगळा रस्ता फिरून आलो, नाक्यावर उभा आहे, जरा दमलोय. मागून गाड्यांचे आवाज येत होते. ती म्हणाली होती, मग बसा थोडं, मी नंतर बोलते. नंतर तिने फोन केला तो रविवारी. पुढच्या बुधवारी ते गेले.

पंधरा फूट तीन इंच. प्रश्नच नव्हता. वडील ठरवून गेले होते, तिने फक्त हो म्हणायचं होतं. असं करण्यात तिला एक प्रकारचं बरं वाटलं, म्हणजे बरं नव्हे, पण हात कुठे ठेवायचा ते कळल्यासारखं.

आई मागच्या पडवीत बोंबील साफ करत बसली होती. तेराव्यानंतर घरात पहिल्यांदा मासळी आली होती. उन्नतीने तिला सांगितलं की पहिलाच पर्याय घेतेय, बाबांनी ठरवलेला, ललितला तसं कळवते.

आईने एक बोंबील साफ केला. मग दुसरा. मग कोयता बाजूला ठेवला.

"आमी गेलोच नाय," ती म्हणाली.

"कुठे?"

"रस्ता बघायला. जिन्यावरनं खाली आले तवाच त्यांना दम लागला. गाडीला किक मारता येईना. म्हणाले, राहू दे, कमान काय पळून जातेय. आत जाऊन वहीत लिवलं. मागच्या वेळचं बघून."

उन्नती उंबऱ्यात उभी होती. तिने आईला विचारलं की हे आधी का नाही सांगितलं. आई म्हणाली, ते गेल्यावर त्यांना खोटं कसं पाडू. आणि पुन्हा कोयता उचलला.

उन्नतीने ओट्यावर जाऊन वही मागे चाळली. पावणेतीन वर्षांपूर्वीच्या पानावर तीच ओळ होती, त्याच शब्दांत. पंधरा फूट तीन इंच. जाते. तिला वाटलं आपल्याला आता काहीतरी होईल. पण काही झालं नाही. तिने वही मिटली आणि स्कूटरची चावी शोधली.

शेजारून काकू आल्या, कमलाकांतच्या भावजय. वत्सलाने, म्हणजे आईने, सव्वा महिना घराबाहेर पाऊल टाकायचं नाही, हे त्यांनी आल्याआल्या सांगितलं, आणि तेही बांबू घेऊन स्कूटरवर, गावाने काय म्हणावं. आई तोवर डोक्यावरून पदर घेऊन, चपला घालून तयार होती.

"सव्वा महिना कंटेनर थांबणार हाय काय?" ती म्हणाली.  शेवटी काकूंनीच बांबूचं एक टोक उचलून दिलं.

उन्नतीने स्कूटर वीस वर्षांत चालवली नव्हती. मागे आईचा एक हात तिच्या खांद्यावर, दुसऱ्यात बांबू. नवापूर ते पाम या वाटेवर ज्यांनी ज्यांनी पाहिलं त्यांनी ओळखलं, आणि कुणी वरात म्हटलं नाही. लोक नुसते थांबत होते. औद्योगिक वसाहतीच्या आत कारखान्यांच्या मधल्या रस्त्यावर एका बंद पडलेल्या कारखान्याच्या पाइपांची कमान होती, रस्त्याच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत, दोन खांबांवर आडवी पोलादी तुळई. प्रतापभाईंकडे जायला मोठ्या गाडीला हाच रस्ता. मागच्या बाजूने एक गल्ली होती, पण तिच्या वळणावर चाळीस फुटी गाडी वळत नाही, हे वहीत तीन वेळा लिहिलेलं होतं.

तुळई जवळ आली तशी उन्नतीने वेग कमी केला. वर 'टक्' असा आवाज झाला आणि आईचा हात खांद्यावरून सुटला.

आई उतरली. तिने बांबू तुळईला लावून जमिनीवर उभा केला, एक डोळा मिटला आणि वर पाहिलं. लाल फडकं तुळईच्या खालच्या कडेहून चार बोटं वर होतं. म्हणजे साध्या ट्रेलरवरचा डबा चार बोटांनी आपटला असता.

तुळई खाली आली नव्हती. रस्ता वर आला होता. पावसाळ्यानंतर जुन्या डांबरावर काँक्रीट ओतलं होतं. खांबाच्या बुंध्याशी ते स्पष्ट दिसत होतं, फूटभर जाडीचा, करड्या रंगाचा नवा थर. वडील त्या गुरुवारी इथे आले असते तर त्यांना खांबाकडे बघूनच कळलं असतं. ते आले नव्हते. उन्नती त्या थराकडे बघत राहिली. ग्रंथालयात जुन्या पुस्तकांवर नवी बांधणी चढवतात तेव्हा असंच होतं, तिला वाटलं, पुस्तक तेच आणि ते आपल्या खणात मावत नाही. मग तिला वाटलं, हे काय वाटतंय आपल्याला. आणि तिने ललितला फोन लावला.

ललितने ट्रेलरच्या ड्रायव्हरलाच फोन दिला. झिपरू जव्हारच्या पुढच्या एका पाड्यावरचा, वीस वर्षं ट्रेलर चालवणारा, वडिलांचे बरेच डबे त्यानेच आणलेले. त्याला हे सगळं फार अवघड वाटलं नाही.

"चारच बोटं ना, बाय? चाकांची हवा सोडू. गाडी बसते खाली. कमलाकांतशेटनी पण दोनदा सोडायला लावलेली."

उन्नतीने आईकडे पाहिलं. फोन स्पीकरवर होता.

"तवा आत कापसाच्या गाठी होत्या, झिपरू," आई म्हणाली. "यात काच हाय."

 मग झिपरू म्हणाला की काच असेल तर हवा सोडलेल्या चाकावर तो नेणार नाही, त्याला कुणी सांगितलं तरी. राहिला प्रश्न दोन क्रेनचा की बुटक्या गाडीचा. क्रेनने काढून ट्रकवर ठेवली तर टाकी कमानीखालून आरामात जाईल, पण एकदा यार्डात उचलली जाईल आणि एकदा इथे. बुटक्या गाडीवर कंटेनरचा माथा दीड-दोन फूट खाली येईल, टाकीला हात लागणार नाही. पण महामार्गावरून चिल्हार फाट्याला आत वळल्यापासून इथपर्यंत गतिरोधक किती, आणि त्यांतला एक जरी पोटाला लागला तर सगळा धक्का आत काचेला. कोणता किती उंच, हे कुणी कधी मोजलेलं नव्हतं. वडिलांच्या वहीत सगळं वरचं होतं. खालचं काहीच नव्हतं.

"उद्या दुपारपर्यंत सांगते," उन्नती म्हणाली.

गतिरोधक मोजायची रीत आईने काढली. गाडीच्या पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर झिपरूकडून विचारून घेतलं आणि जाळ्याची तेवढी दोरी कापली. दोन टोकांना दोघी, हातात एकेक वीट. गतिरोधक बरोबर मध्ये येईल असं उभं राहायचं, वीट रस्त्यावर उभी ठेवायची आणि दोरी विटांच्या माथ्यावरून ताणून धरायची. दोरी म्हणजे गाडीचं पोट. उंचवटा दोरीला लागला, तर पोटाला लागणार.

दुसऱ्या दिवशी सकाळी चिल्हार फाट्यापासून त्यांनी सुरुवात केली. पहिल्या दोन ठिकाणी उन्नतीला भर रस्त्यात उकिडवं बसायला संकोच वाटला, पुढे वाटेनासा झाला. काही वाटेनासं होणं तिला आता सवयीचं झालं होतं. गाड्या हॉर्न वाजवत बाजूने जात. बेटेगावला कामावर निघालेल्या माणसांचा एक घोळका थांबला आणि त्यांच्यातल्या एकाने विचारलं, "माताजी, रस्ता चौड़ा हो रहा है क्या?"

"नहीं रे," आई वीट धरून म्हणाली. "हमारा हाथी आनेवाला है. उसका पेट देखता है."

माणसं हसली. त्यांच्यातल्या दोघांनी पुढे होऊन दोन्ही बाजूंची वाहनं अडवून धरली, हत्ती कधी येणार ते विचारत. उन्नतीने आईकडे पाहिलं. आई हसत नव्हती, पण डोक्यावरचा पदर खाली पडला होता आणि तिने तो पुन्हा घेतला नाही.

एकूण चौदा गतिरोधक भरले. बारा ठिकाणी दोरीखालून बोट जात होतं. बेटेगावचा एक आणि पामकडे वळतानाचा एक, हे दोन दोरीला लागले, दुसरा तर चांगलाच. त्या दोन ठिकाणी गतिरोधकाच्या अलीकडे-पलीकडे जाड फळ्या टाकून चाकं उचलून घ्यायची, असं झिपरूने फोनवर सांगितलं. फळ्या प्रतापभाई पाठवणार होते. दुपारी बारा वाजता उन्नतीने ललितला कळवलं: तिसरा. लो-बेड.

"नक्की? भाऊंनी पहिला सांगितला होता."

"नक्की," ती म्हणाली.

घरी आल्यावर तिने बांबूचं फडकं खाली सरकवायला घेतलं. गाठ कोळ्याची, इतकी वर्षं ऊन-पाऊस खाल्लेली. सुटेना. कापायला तिने कोयता आणला आणि तसाच परत ठेवला. आईने जुन्या गाऊनची एक निळी चिंधी काढून दिली. उन्नतीने ती लाल फडक्याच्या दोन फूट खाली बांधली. तिची गाठ साधी होती.

शनिवारी सकाळी साडेनऊला कंटेनर आला. निळा-करडा, एका बाजूला गंजाचा ओघळ. स्कूटर पुढे, लो-बेड मागे, माणसाच्या चालीने. बेटेगावला फळ्या टाकल्या, उचलल्या. पामच्या वळणावर गाडी फळ्यांवर चढली तेव्हा झिपरू अर्धा खिडकीबाहेर होता आणि आई रस्त्यावर ओणवी होऊन पोटाखाली बघत होती. तिने हात वर केला. गाडी उतरली. कमानीखालून डबा गेला तेव्हा वर दीड फूट उजेड होता.

कारखान्यात टाकी रोलरवरून बाहेर यायला अडीच तास लागले. प्रतापभाईंचा माणूस बॅटरी घेऊन टाकीच्या तोंडातून आत उतरला. सगळे बाहेर थांबले होते. बराच वेळ आतून नुसते पावलांचे पोकळ आवाज येत होते. मग त्याचं डोकं वर आलं आणि तो म्हणाला, एकही नाही. एकही तडा नाही.

प्रतापभाईंनी डोळ्यांवरचा चष्मा काढून पुसला. ते म्हणाले, भाऊंचा शब्द खरा झाला. रस्ता बघून आले होते ना ते.

उन्नतीला गप्प राहता आलं असतं. आई टाकीकडे बघत होती. तिचा चेहरा गप्प राहा म्हणत नव्हता आणि बोल म्हणत नव्हता.

"ते आले नव्हते बघायला," उन्नती म्हणाली. "त्यांना दम लागत होता. वहीतला आकडा जुना होता. या कमानीला डबा आपटला असता. परवा आम्ही दोघींनी मोजलं."

एवढी सलग वाक्यं ती पंधरा-वीस दिवसांत बोलली नव्हती. प्रतापभाईंनी मान हलवली. म्हणाले, दिवाळीनंतर भाऊ इथे कागद द्यायला आले होते, जिना चढता आला नाही, खाली वॉचमनच्या खुर्चीत बसून होते. मीच खाली आलो. पाणी दिलं. म्हणाले, मुलीला कळवू नका, ती कामं टाकून येईल.

झिपरू जवळच हात पुसत उभा होता. त्यालाही ठाऊक होतं, हे त्याच्या खाली घातलेल्या मानेवरून कळलं. उन्नतीने चहा संपवला, कप नळाखाली धुऊन ठेवला आणि स्कूटर सुरू केली.

कमान आली. आईने बांबू आडवा केला, पलीकडे गेल्यावर पुन्हा उभा केला. आता काही मोजायचं नव्हतं. पामची घरं मागे पडली.

"आई," उन्नती पुढे बघत म्हणाली, "त्या गुरुवारी मी फोन केला तेव्हा ते नाक्यावर होते. गाड्या ऐकू येत होत्या."



"खाटेवर होते," आई म्हणाली. "रस्त्याकडचं दार मला उघडायला लावलं. म्हणाले, गाड्यांचा आवाज जाऊ दे तिला."

स्कूटर चालत राहिली. उन्नतीच्या डोळ्यांसमोरचा रस्ता हळूहळू पातळ झाला, काठाची झाडं एकात एक मिसळली. तिने पुसायला हात काढला नाही, काढता येण्यासारखा नव्हता. पुढे कुठेतरी गतिरोधक होता, चौथा की पाचवा, दोरी न लागणारा.

"सावकाश," आई मागून म्हणाली. "आला बघ."

उन्नतीने वेग कमी केला. आईने बांबू पायाशी नीट टेकवला आणि दुसरा हात तिच्या खांद्यावर घट्ट धरला.